मागच्या बाकावर सासूबाई

गस्टीन, कॅलिफोर्निया
मे महिन्याची अखेर (तारीख लिहिली असती, पण कॅलेंडर सासूबाईंच्या खोलीत आहे आणि त्या आत्ताच आडव्या झाल्या आहेत)

प्रिय झुल्मिराताईस,

आधी तुझा आशीर्वाद मागते, मग बाकीचं. तू, एव्हारिश्तू भावोजी आणि भावोजींचा उजवा गुडघा, तिघंही ठीक असाल अशी आशा करते. आमच्याकडे देवाच्या दयेने अंथरुणाला खिळलेलं कोणी नाही, आणि या घरात त्यालाच बरं असणं म्हणतात. आदेलिनूची पाठ दुखते, गाई दूध कमी देतात, माझं डोकं चार वर्षांपासून जड आहे. तिकडे लिस्बनपासून लांब, भर समुद्रातल्या आपल्या बेटावर धुकं असेल, इकडे आत्तापासूनच अंगाची लाही होते आहे. पत्र लिहायचं कारण असं की फोन सासूबाईंच्या खुर्चीशेजारी आहे, आणि त्यांना कमी ऐकू येतं हे फक्त त्यांच्या कामाच्या नसलेल्या गोष्टींबद्दल खरं आहे.

मागे फोनवर तू विचारलं होतंस, या वयात मानसशास्त्र कशाला, आणि मी म्हटलं होतं की लाईन खराब आहे. लाईन चांगली होती, ताई. उत्तर लांब होतं.

आधी हे कॉलेज म्हणजे काय ते सांगते, कारण तू गावात सांगितलंस की इदालिना विद्यापीठात जाते, आणि भावोजींनी सांगितलं की इदालिना शिकवणीला जाते, आणि दोन्ही बातम्या फिरून इथे आमच्या चर्चच्या सभागृहात पोचल्या. इथे प्रत्येक भागाचं एक कम्युनिटी कॉलेज असतं. त्यात कोणालाही घेतात (खरोखर कोणालाही, मी त्याचा पुरावा आहे). तिथे पहिली दोन वर्षं काढायची आणि उरलेली दोन मोठ्या विद्यापीठात जाऊन पुरी करायची. विद्यापीठात मात्र कोणालाही घेत नाहीत. दोन वर्षं हे ज्यांच्या घरी गाई, आदेलिनूसारखा नवरा आणि सासू नाही त्यांचं गणित. मला चार लागली.

आणि मी मुळात शिकायला गेलेच नव्हते. गेला होता तुझा भाचा, नेल्सन. त्याने तीनदा भरधाव गाडी हाकून लायसन्स घालवलं होतं, आणि बस आमच्या रस्त्याला येत नाही, म्हणून त्याला कॉलेजात सोडायचं काम माझ्याकडे आलं. बरं, सासूबाईंना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. त्याच वर्षी त्यांनी भाजीचं सूप गॅसवर ठेवलं, जपमाळ करायला बसल्या आणि पडदा पेटला. (पडदा जुना होता, असं त्या म्हणतात. नवा असता तर पेटला नसता, असा त्यांचा मुद्दा आहे.) म्हणून नेल्सनला सोडायला मी, आणि माझ्याबरोबर सासूबाई. ऑगस्टमध्ये पार्किंगमध्ये गाडीत बसलं की माणूस वाफवून निघतो. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मुलगा सावलीत बसलाय आणि आपण इथे शिजतोय, हे कुठलं शिक्षण?" आणि दार उघडून चालू लागल्या. मी मागे. त्या सरळ नेल्सनच्या वर्गात शिरल्या, शेवटच्या बाकावर बसल्या आणि पिशवीतून क्रोशाची सुई काढली. नेल्सनने मान अशी फिरवली, की आम्हाला जन्मात पाहिलं नाही.

शिकवणाऱ्या बाई, मिसेस हाव्हरकाम्प, उंच, शांत, मूळच्या हॉलंडवाल्यांपैकी. (त्यांच्या आजोबांचाही दुधाचा धंदा होता, आणि डच लोकांनी आपल्या लोकांच्या कुरणांच्या किमती वाढवल्या असं आदेलिनूचं ठाम मत असल्यामुळे त्या बाई त्याला आवडत नाहीत. त्याने त्यांना पाहिलेलं नाही.) बाईंनी आम्हाला बाहेर काढलं नाही. पुढच्या आठवड्यात मला विचारलं, नाव घालायचं आहे का, जागा आहेत. मी म्हटलं, मी फक्त गाडी चालवते. त्या म्हणाल्या, इथे येणारे बहुतेक तेच करतात. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. आता चार वर्षांनंतर वाटतं, त्यांना वर्ग चालू ठेवायला माणसं कमी पडत होती.

ऑक्टोबरात नेल्सनने शिक्षण सोडलं आणि चुलत्याच्या टायरच्या दुकानात लागला. आम्ही दोघी राहिलो. का राहिलो, हे आदेलिनूने तेव्हा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की फी भरली आहे. खरं कारण मला आजही नीट मांडता येत नाही. आठवड्यातून दोनदा दीड तास कोणी मला काही मागत नव्हतं, एवढं नक्की.

सासूबाईंना इंग्रजी येत नाही. चाळीसेक वर्षं इथे काढून त्यांना येतं ते एवढंच: थँक्यू, नो, आणि टू मच. त्यामुळे परतताना गाडीत दरवेळी मला सगळा धडा आपल्या भाषेत पुन्हा सांगावा लागे. घंटा वाजवून कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणण्याचा प्रयोग सांगितला, तर पूर्ण ऐकून घेऊन म्हणाल्या, "आणि शेवटी त्याला जेवायला दिलं की नाही?" मला माहीत नव्हतं. पुढच्या तासाला मला हात वर करून विचारावं लागलं. बाईंनाही माहीत नव्हतं. एका जुन्या डॉक्टरचं म्हणणं सांगितलं, की प्रत्येक मुलाला लहानपणी आपल्या आईशीच लग्न करायचं असतं. सासूबाई संध्याकाळी जेवताना आदेलिनूकडे बराच वेळ बघत राहिल्या, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाही." तो विचारत होता कशाबद्दल चाललंय. आम्ही सूप वाढून घेतलं.

वर्गातल्या पोरांना त्या फार आवडत. वर्षाअखेरीस त्यांनी बाईंच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या मेंदूखाली घालायला एक जाळीचा रुमाल विणून दिला. तो अजून तिथे आहे. माझ्या निबंधांपैकी मात्र एकही त्या कॉलेजात कोणी जपून ठेवलेला नाही.

माझी प्रगती सांगण्यासारखी नव्हती. बक्षीस देऊन सवय लावायची, हा प्रयोग घरी करून यायचा होता. मी आदेलिनू निवडला. तो गोठ्यातले बूट घालून स्वयंपाकघरात येतो, हे तुला माहीत आहेच. तर बूट बाहेर काढले की अंड्याच्या गोड पावाचा एक जाड काप, लोणी लावून. पहिला आठवडा उत्तम गेला. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की तो बूट घालून आत येतो, "अरेच्चा" म्हणतो, बाहेर जाऊन काढतो आणि पावासाठी येऊन बसतो. दिवसातून चार-चारदा. महिन्याभरात त्याचा पट्टा एक भोक पुढे सरकला आणि फरशी पूर्वीपेक्षा घाण झाली. मी अहवालात लिहिलं की प्रयोग यशस्वी, फक्त कोणी कोणावर केला ते स्पष्ट नाही. बाईंनी त्याला चांगले गुण दिले. मग मूल कसं वाढतं याच्या वर्गात एका लहान मुलाचं तासभर निरीक्षण करायचं होतं, मध्ये न पडता. मुलाच्या नाकाला शेंबूड होता. ताई, तू तरी बसली असतीस का? कागदावर लाल शाईने शेरा आला: निरीक्षकाने मुलाचं नाक पुसलं, स्वेटर घातला आणि केळं दिलं.

विद्यापीठ कोणते विषय धरतं आणि कोणते नाही, हे सांगायला कॉलेजात एक मार्गदर्शक असतो. तो दर सहामाहीला बदलतो. पहिल्याच्या सांगण्यावरून मी समुद्रशास्त्र घेतलं. दुसऱ्याने कागद बघून विचारलं, समुद्रशास्त्र कोणी घ्यायला सांगितलं? तिसरीने ते दोघंही चूक असल्याचं सांगून मला संख्याशास्त्र दिलं, ज्यात मी एकदा नापास झाले आणि दुसऱ्यांदा कशीबशी निघाले. पण समुद्रशास्त्राचं मला वाईट वाटलं नाही, कारण त्या वर्गात सासूबाईंनी प्रथमच सुई खाली ठेवली. भिंतीवर लाटांची चित्रं हलत असत, तळाशी काय आहे, भरती कशी येते, असं. त्या पूर्ण तास हात मांडीवर ठेवून बघत. परतताना गाडीत एकही प्रश्न विचारत नसत. मला वाटलं, थकल्या असतील. मीच एवढी थकलेली असे की कोणी गप्प बसलं तर मी उपकार मानून घेत असे.

आता जे झालं ते सांगते. या जानेवारीत शेवटचा वर्ग होता, लोकांचं म्हणणं ऐकून कसं घ्यायचं याचा. तुला वाटेल यात शिकण्यासारखं काय. बरंच आहे. सल्ला द्यायचा नाही. आपली गोष्ट सांगायची नाही. "जेवलीस का" विचारायचं नाही (हे खास माझ्यासाठी फळ्यावर लिहिलं). समोरच्याने जे सांगितलं तेच त्याला परत द्यायचं: म्हणजे तुम्हाला असं वाटतं की अमुक. बस. माझी जोडीदार पाकू नावाची मुलगी होती, पूर्वेकडच्या डोंगरांतून इथे आलेल्या मंग जमातीची, वीस वर्षांची, ओठात बाळी, घरी सात भावंडं. ती सांगायची की आई तिला एक क्षण एकटं सोडत नाही, आणि मी जीभ चावून म्हणायची, "म्हणजे तुला असं वाटतं की आई तुला एकटं सोडत नाही." माझ्या मनात मात्र आईचंच बरोबर होतं. सासूबाईंनी मागून विचारलं, तुम्ही सारखं ते एकच काय म्हणता? मी सांगितलं. त्यांनी तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं आणि पुन्हा विणू लागल्या.

परीक्षेच्या जागी एक काम होतं. एखाद्या वयस्क माणसाचं अर्धा तास ऐकायचं, त्याच्या परवानगीने ध्वनिमुद्रण करायचं, आणि ते बाईंना द्यायचं. बाकीची पोरं वृद्धाश्रमात गेली. माझ्याकडे घरातच होत्या. दुपारची कॉफी ओतली, नेल्सनचा मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि म्हटलं, बोला. त्या म्हणाल्या, काय बोलू? म्हटलं, मनात येईल ते. पहिली दहा मिनिटं माझ्या अपेक्षेप्रमाणे गेली. माझं सूप पातळ असतं. मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला असं वाटतं की माझं सूप पातळ असतं." त्या म्हणाल्या, "वाटत नाही. असतं." नेल्सनचे केस, फादरचं लांबलेलं प्रवचन, शेजारच्यांचं कुत्रं, सगळं झालं. मग त्या थांबल्या. शांतता झाली की ती मोडायची नाही, असा नियम आहे. आपल्या घरात शांतता म्हणजे कोणीतरी गेलं, एवढंच आपल्याला माहीत. मी हातांवर बसले.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "इथे सगळी जमीनच आहे गं. कुठेही बघितलं तरी नजर थांबतच नाही. मी रोज दुपारी विचार करते, आत्ता खाली पाणी कसं असेल. काळ्या खडकांवर येत असेल की मागे गेलं असेल. एकदा आदेलिनूने इथला समुद्र दाखवायला नेलं होतं. त्याला वासच नव्हता. मी म्हटलं, छान आहे. त्याने एवढी गाडी चालवली होती."

ताई, मी या बाईबरोबर तीस वर्षं एका छताखाली राहिले आहे. त्यांना माझं सूप आवडत नाही, एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत होतं. त्या सांगत गेल्या. रामीन्यू गावातलं त्यांचं घर विकायला काढलं तेव्हा त्यांना कोणी विचारलं नाही. सासऱ्यांनी ठरवलं, त्यांचे दीर आधीच इथे होते, आदेलिनू चौदा वर्षांचा होता आणि त्याला ट्रॅक्टर हवा होता. निघताना त्यांनी चुलीतली राख काढली, कारण येणाऱ्या माणसांना घर स्वच्छ मिळावं. मग म्हणाल्या, "तेव्हा मी रडले नाही. कामं होती."

इथे मी म्हणायला हवं होतं, म्हणजे तुम्हाला असं वाटतं की तेव्हा रडायला वेळ मिळाला नाही. तसंच शिकवलं होतं. पण मी म्हणून गेले, "म्हणजे तुम्हाला असं वाटतं की परत जावं?" हे त्या बोललेल्या नव्हत्या. हे मी बोलले. त्या म्हणाल्या, "जाऊ म्हणतेस?" आणि अर्धा तास संपला.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर त्यांनी आदेलिनूला सांगितलं, "इदालिना मला घरी पाठवते आहे."

आता यातली दुर्दैवाची गोष्ट अशी, की त्याच आठवड्यात विद्यापीठाचं कळलं होतं. मला घेतलं. ते तासाभराच्या रस्त्यावर आहे, वर्ग सकाळपासून दुपारपर्यंत, आणि तिथे बाहेरच्या माणसाला मागच्या बाकावर बसू देत नाहीत (मी चौकशी केली होती). म्हणजे सासूबाई घरात असेपर्यंत मी जाणं शक्य नाही, हे आदेलिनूला माहीत होतं. त्याने काटा खाली ठेवला. त्याला चिडताना तू पाहिलेलं नाहीस, कारण तो चिडला की शांत होतो. म्हणाला, "चार वर्षं. मला वाटायचं तिकडे काय शिकवतात. म्हातारीला घराबाहेर कसं काढायचं, तेच ना?" आणि बूट घालून, स्वयंपाकघरातूनच, निघून गेला.

त्यानंतरचे दिवस मला आठवायचे नाहीत. तो गोठ्यातून उशिरा यायचा आणि मीठ हवं असलं तर नेल्सनला सांगायचा. चर्चच्या सभागृहात बातमी माझ्या आधी पोचली. पवित्र आत्म्याच्या सणाच्या पहिल्या पंक्तीत ग्रासियेत वाढायला होती (तीच, जिचं माहेर आपल्या आल्तारेश गावातलं, आणि जिला तू लहानपणी विहिरीपाशी ढकललं होतंस). सगळ्यांच्या ताटात पाव, कोबी आणि मांस. माझ्या ताटात पाव आणि कोबी. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, "शिकलेल्या माणसांना हलकं बरं."

मी हाव्हरकाम्पबाईंकडे गेले. ध्वनिमुद्रण त्यांनी ऐकलं होतं, भाषांतर मीच करून दिलं होतं. त्यांनी गुण कापले होते, आणि बरोबर कापले होते: ऐकणाऱ्याने स्वतःचं वाक्य बोलणाऱ्याच्या तोंडी घातलं. मी विचारलं, मला एवढंच सांगा, ते वाक्य मी त्यांच्यासाठी म्हटलं की माझ्या विद्यापीठासाठी? बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?" ताई, चार वर्षं मी त्या बाईंच्या पायाशी बसले. शेवटच्या दिवशी तरी एक सरळ उत्तर द्यायचं होतं.

मी ठरवलं, विद्यापीठाला नकार कळवायचा. कोणाला सांगितलं नाही. भांडी घासत होते तेव्हा सासूबाई मागून म्हणाल्या, "तू नाही म्हणणार आहेस." विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं? म्हणाल्या, "कढई दोनदा घासलीस."

मग रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर आदेलिनू आईच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आत बराच वेळ त्याचाच आवाज येत होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. खुर्चीत बसला, आणि पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलला. "तिला हे कोणी शिकवलं?"

मी म्हटलं, काय?

म्हणाला, मी तिला सगळं समजावलं. की तिकडे आता तिचं घर नाही, तिच्या वयाचं कोणी उरलेलं नाही, डॉक्टर लांब, थंडीत गुडघे धरतील, आणि इथे तिला काय कमी आहे. ती सगळं ऐकून घेत होती. मध्ये एकदाही बोलली नाही. आईने मध्ये न बोलता माझं ऐकलं, असं कधी झालं नाही. आणि मग म्हणाली, "म्हणजे तुला असं वाटतं की मी गेले तर तू एकटा पडशील."

 मग म्हणाला, "मी सत्तावन्न वर्षांचा आहे, इदालिना." मी पाव कापून दिला, लोणी लावून. बूट पायातच होते. 

असा शेवट झाला. तडजोड अशी ठरली की सासूबाईंनी तिकडच्या उन्हाळी सणाचे दिवस तिकडे काढावेत, पंधरा दिवस, तुमच्याकडे. ते तुला फोनवर सांगितलंच आहे आणि तू "या, या" म्हणालीस, त्याबद्दल देव तुझं भलं करो. सोबत ग्रासियेत आहे, ती उन्हाळ्यासाठी माहेरी येते आहे. (तिला आता सगळं कळलं आहे. पुढच्या पंक्तीत तिने माझ्या ताटात मांस वाढलं, पण हाडाकडचं.) ओकलंडहून थेट विमान आहे. औषधं वेगळ्या पिशवीत, सकाळची पिवळ्या डबीत. साखर कमी. त्या जास्त मागतील. कॉफी पातळ केली तर सांगतील.

भावोजींना नमस्कार. पोस्टात टाकायला निघते, नाहीतर हेही राहून जाईल.

तुझी धाकटी,
इदालिना

ता. क. पोस्टात टाकायचं राहिलं. मधल्या काळात त्यांची बॅग भरायला घेतली. म्हणजे त्यांनीच भरली होती, मी फक्त कुलूप लागतं का बघायला उघडली. पंधरा दिवसांचे कपडे वरती आहेत. खाली तळाशी, कागदात गुंडाळून, त्यांचा काळा झगा, नवे मोजे आणि त्यांच्या आईची जपमाळ आहे. तो झगा त्यांनी सासरे गेल्यावर शिवून ठेवला होता, स्वतःला घालण्यासाठी, शेवटच्या दिवशी. पंधरा दिवसांच्या सणाला तो कोणी नेत नाही. मी कागद पूर्वीसारखा दुमडला आणि कुलूप लावलं. आदेलिनूला सांगितलेलं नाही. तर ताई, तुझी कार्लोता लिस्बनला गेल्यापासून वरची खोली रिकामी आहे, तिथून समुद्र दिसतो, आणि जिना फार उभा नाही. मी काय मागते आहे ते तुला कळलं असेल. लिहून मागवत नाही.

ता. क. २. परतीचं तिकीट मात्र आहे. आदेलिनूने काढलं. ते बदलून पुढे ढकलता येतं का, हे त्याने एजंटला बाजूला घेऊन विचारलं, हे मला एजंटकडून कळलं. म्हणजे बॅग त्यानेही उघडली असावी. आम्ही दोघं त्याबद्दल बोललेलो नाही. आणि हो, मी विद्यापीठाला होकार कळवला आहे. बॅग बघण्याआधी की नंतर, ते कृपा करून विचारू नकोस. तू विचारलंस तर मी म्हणेन, लाईन खराब आहे.

ता. क. ३. शेवटी पोस्टाचं जमलंच नाही. आज निघायचा दिवस, तेव्हा पाकीट सासूबाईंच्याच हाती देते आहे. त्यांना वाचता येत नाही, तरी मी ते चिकटवलं आहे, आणि तुझ्या हातात देईपर्यंत घट्ट धरून ठेवा असं सांगितलं आहे. त्या तसंच करतील आणि तू ते तिथेच उघडशील, मला तुझा स्वभाव माहीत आहे. मी नेहमीप्रमाणे लांबण लावली आहे. तेव्हा इथपर्यंत वाचलंस आणि त्या अजून दारातच उभ्या असल्या, तर आधी त्यांना आत घे.